मेलेला, मुका, बहिरा

गेल्या श्रावणात चौलच्या एका वाडीतून फोन आला. "रेडिओवाले, जरा येऊन जा. आमचा डबा उठत नाहीये."

रेवदंड्यात मला अजून रेडिओवालेच म्हणतात. दुकानात दुरुस्तीला रेडिओ येऊन युगं लोटली, पण नाव वडिलांच्या वेळचं, ते काही सुटत नाही. फोन करणारे साहेब मूळचे दादरचे, बँकेतून निवृत्त होऊन सासऱ्यांच्या सुपारीच्या वाडीत घर बांधून राहिलेले. डबा म्हणजे त्यांच्या होम थिएटरचा सबवूफर. कोपऱ्यात बसून नुसता बेस वाजवणारा, काळा, चौकोनी, उचलताना कंबर धरायला लावणारा.

"दिवा लाल आहे," साहेब म्हणाले. "सिनेमा लावला की हिरवा व्हायला पाहिजे. दिवसा होतो. रात्री होत नाही."

"दिवसा उठतो आणि रात्री उठत नाही?"

"आमची ही म्हणते, त्यालाही माझ्यासारखी नऊला झोप येते."

मी हसलो. पण पिशवीत पकड, मीटर आणि सोल्डर टाकता टाकता मनात आली ती अण्णांची चोपडी.

अण्णा म्हणजे माझे वडील. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात चार वर्षं नोकरी करून ते हे काम शिकले आणि १९५९च्या दसऱ्याला रेवदंड्याच्या बाजारात त्यांनी स्वतःचं टेबल मांडलं. त्याच दिवशी लाल कापडी बांधणीची चोपडी घातली. पुढे चोपड्या बदलल्या, पण रकाने तेच राहिले: तारीख, कुठला सेट, कुठल्या आळीतला, दोष आणि पैसे. दोषाच्या रकान्यात अण्णांचे तीनच शब्द असत. मेलेला, मुका, बहिरा.

मेलेला म्हणजे बटण दाबलं तरी ना दिवा, ना गुणगुण. मुका म्हणजे दिवा लागतो, आवाज नाही. आणि बहिरा म्हणजे सगळं ठीक, दिवा आहे, स्पीकरमध्ये फुसफुस आहे, पण स्टेशन लागत नाही. लागलं तर जवळचं, जोरातलं लागतं. लांबचं, हलकं लागत नाही. कधीमधी पेन्सिलीने चौथा शब्द लिहिलेला सापडतो, 'भूत'. तो घरी गप्प बसणाऱ्या आणि दुकानात आणला की खणखणीत गाणाऱ्या सेटसाठी. भुताचे पैसे अण्णा घेत नसत.

मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मला टेबलाशी बसवलं, तेव्हा सांगितलं होतं, "मेलेला सेट कोणीही जिवंत करेल. कुठे तार तुटली ते शोधायचं, झालं. बहिऱ्याशी मात्र डोकं लढवावं लागतं. त्याचं तुटलेलं काही नसतं. त्याचा उंबरठा वर गेलेला असतो. आवाज दाराशी येऊन उभा राहतो आणि त्याला पाय उचलून आत येता येत नाही."

उंबरठ्याची ही गोष्ट अण्णांना कळली ती अलिबागच्या वेधशाळेमुळे. तिथे नोकरीला असलेले एक गृहस्थ आपला मर्फी सेट आमच्याकडे आणत. अलिबागला जाणारे लोक कुलाबा किल्ला बघतात, ओहोटी असेल तर चालत जातात, घोडागाडीत बसतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी वेधशाळा त्याच गावात आहे आणि ती तिथे का आली, हे फारसं कोणी विचारत नाही.

ती मुळात मुंबईत, कुलाब्याला होती. १८४१पासून तिथे चुंबकीय नोंदी घेतल्या जात. १८५९च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेलं ते प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं, तेव्हा त्याचा तडाखा कुलाब्याच्या नोंदीत उतरला आणि आजही जगभरचे अभ्यासक तो आकडा काढून बघतात. मग विसावं शतक उजाडलं आणि मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामची वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांमधून परत जाते. थोडी जमिनीतही झिरपते. तेवढ्या झिरपलेल्या विजेने वेधशाळेची सुई थरथरली असती. सूर्याची हाक आणि गिरगावची ट्राम तिला वेगळी काढता आली नसती. तेव्हाचे संचालक नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. त्यांनी शांत जागा शोधली ती खाडीपलीकडे, अलिबागला. इमारत बांधताना लोखंड वापरलं नाही. १९०४ साली तिथे नोंदी सुरू झाल्या, दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप करून ताळा जुळवला आणि मग कुलाब्याचं काम थांबलं. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७च्या मे महिन्यात.

अण्णा सांगत, "आपल्या किनाऱ्याची निवड शांततेसाठी झालेली आहे. हलकं ऐकायचं असेल तर आजूबाजूचा गोंगाट त्याहून हलका पाहिजे. सेट दुरुस्त करताना हे विसरायचं नाही."

त्या काळात ऐकण्याच्या बाबतीत रेवदंड्याचं नशीब चांगलं होतं. मध्यम लहरींना खारं पाणी फार मानवतं. डोंगर-मातीवरून जाताना त्या दमतात, समुद्रावरून मात्र लांबपर्यंत ताज्या राहतात. मुंबई आमच्यापासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर, आणि मधे बरंचसं पाणी. त्यामुळे घाटावरच्या माणसाला कान लावून ऐकावं लागे ते मुंबई केंद्र आमच्याकडे माडाला तार टांगली की घरात बोलल्यासारखं लागे. लघुलहरींवर रेडिओ सिलोन तर बुधवारी रात्री आठला हमखास. आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी मंत्री बाळकृष्ण केसकरांनी आटवली होती, म्हणून १९५२पासून निम्मा देश बिनाका गीतमालेसाठी श्रीलंकेकडे कान लावून बसे. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती निघाली ती त्यावरचा उतारा म्हणून. चोपडीच्या पहिल्या वर्षात बुधवारच्या तारखा बघाव्यात. सकाळी दुकान उघडायच्या आत लोक सेट घेऊन पायरीवर. दोष, 'बहिरा'. पुढे कंसात, 'सिलोन लागत नाही'.

पण जो समुद्र लहरींचा मित्र, तोच सेटचा वैरी. इथल्या हवेत मीठ असतं. ते लाकडी खोक्याच्या फटीतून आत जातं, ओल धरतं, पितळेवर हिरवं चढतं, सोल्डरचे टाके पांढरे पडतात. तेव्हाचे कंडेन्सर कागदाचे आणि मेणाचे. ओल शिरली की ते गळू लागत आणि आउटपुटचा व्हॉल्व्ह तापून लाल होई. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की व्हॉल्व्हचा सेट स्वतःची चूल स्वतःबरोबर घेऊन यायचा. बटण दाबल्यावर अर्धा मिनिट तो तापे आणि मगच बोले, पण त्याच उष्णतेने आतली ओलही उडे. म्हणून अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत, "पावसाळ्यात ऐकायचं नसलं तरी रोज अर्धा तास लावा. माणसासारखंच आहे, अंथरुणात पडून राहिला की सांधे धरतात."

वीज नसलेल्या घरांत बॅटरीचे सेट असत. नव्वद व्होल्टची कोरडी बॅटरी विटेएवढी, महाग, म्हणून सगळी आळी मिळून घ्यायची आणि बातम्यांपुरती लावायची. रेडिओला परवाना लागे. वर्षाचे पंधरा रुपये पोस्टात भरायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून आणायचा. थेरोंड्याच्या कोळीवाड्यातला एक नाखवा सेट दुरुस्तीला आणी तेव्हा परवान्याचं पुस्तकही कमरेला खोचून आणी. न जाणो, अण्णांनी मागितलं तर!

विजेचीही आमच्याकडे एक गंमत आहे. रेवदंड्याला समुद्रात शिरते ती कुंडलिका. तिच्या वरच्या अंगाला भिरा. मुळशीचं धरण बांधून टाटांनी ते पाणी सह्याद्रीवरून खाली सोडलं आणि १९२७ साली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. त्या धरणात जमिनी गेल्या म्हणून सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला होता. वीज गेली मुंबईला, गिरण्यांना आणि गाड्यांना, आणि काम आटोपलेलं पाणी आलं आमच्या खाडीला. अण्णा खाडीकडे बोट दाखवून म्हणत, "बघ, व्होल्टेज काढून घेतलेलं पाणी." पुढे वीज आमच्याकडेही आली, पण संध्याकाळी दिवे लागले की तिचा दम जाई. चोपडीत मग नवी ओळ दिसू लागते: 'स्टेबिलायझर'.

सत्तरच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि धंद्याची रीत बदलली. हा सेट लगेच बोले, त्याला तापावं लागत नसे. मच्छिमारांनी तो होडीत नेला, हवामानाच्या बातम्यांसाठी. पण त्याच्या पोटात चूल नव्हती, त्यामुळे ओल आत शिरली की मुक्कामालाच राही. सहा-सहा महिन्यांत आतलं सगळं हिरवं होऊन येई. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि अण्णांनी व मी उत्तरेकडे तोंड केलेले किती अँटेने बांबूवर, नळावर, माडावर चढवले त्याला गणती नाही. ॲल्युमिनियमची ती काडी दोन पावसाळ्यांत कुजे. वारं फिरलं की पडद्यावर मुंग्या. तिसऱ्या माणसाने अंगणातून ओरडायचं, "आलं! आलं! गेलं!"

आता बेसची गोष्ट सांगतो, कारण साहेबांचा डबा बेसचा.

खर्जाचं वेड आमच्या मुलखाला नवं नाही. आमचं गाव पोर्तुगिजांनी बांधलेल्या तटाच्या आत वसलेलं आहे. १५०८ साली याच खाडीच्या तोंडाशी इजिप्तच्या आणि दीवच्या आरमाराशी पोर्तुगिजांची लढाई झाली आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मेदा इथे पडला. १७४०मध्ये मराठ्यांकडे येईपर्यंत या तटावर आणि समोरच्या कोर्लईवर पोर्तुगिजांच्या तोफा होत्या. तोफेचा कडकडाट जवळच्यांना. लांबच्या गावाला फक्त धप्. उंच सूर हवेत विरतात, झाडा-भिंतींना अडतात, खर्ज मात्र वाट काढतो. सेकंदाला चाळीस कंपनांच्या सुराची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, तिला आमच्या सुपारीच्या बागेने काय अडवायचं! आजही होळीच्या रात्री खाडीपलीकडून वाजंत्री ऐकावी. गाणं कुठलं ते कळत नाही, ठेका तेवढा पाण्यावरून चालत येतो. पूर्वी तो खालू बाज्यातल्या ढोलाचा असे, मग बेंजो पार्टीच्या ड्रमचा झाला, आता डीजेचा.

घरात हा खर्ज आणायचा पहिला प्रयत्न झाला तो माठाने. हे आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. ऐंशीच्या सुमारास कॅसेट प्लेअर घरोघर आले, पण त्यांचा चिमुकला स्पीकर कावळ्यासारखा ओरडे. मग कोणीतरी तो स्पीकर सोडवून मातीच्या माठाच्या तोंडावर बसवला. माठाच्या पोटातली हवा घुमायला लागली आणि ढोलकीला अंग आलं. ही टूम देशभर पसरली. आमच्याकडेही आठवड्याला दोन-तीन माठ यायचे. 'वेसावकर आणि मंडळीं'ची कोळीगीतं माठातून ऐकलेली माणसं अजून गावात आहेत. एका मावशींनी तर स्पीकर बिघडल्यावर काढून घ्यायला लावला आणि माठ धुऊन परत पाणी भरलं. चोपडीत आहे: 'माठ सोडवणे, २ रुपये'.

पुढची पायरी सिनेमाची. १९९२मध्ये डॉल्बी डिजिटल आलं तेव्हा आवाजाचे पाच रस्ते आणि वर एक वेगळी गल्ली असा हिशोब ठरला. ती गल्ली फक्त खर्जाची, एकशेवीस कंपनांच्या खालची, म्हणून तिला पूर्ण आकडा न देता पूर्णांकानंतरचा एक दिला. पाच पूर्णांक एक. शतक बदलता बदलता डीव्हीडी आली, मुंबईकरांची विकेंडची घरं नागाव, चौल, रेवदंड्यापर्यंत आली आणि त्यांच्याबरोबर हा पूर्णांकानंतरचा एकही आला. खर्जाला ताकद फार लागते, म्हणून या डब्याला स्वतःचा ॲम्प्लिफायर आणि स्वतःची विजेची वायर असते.

इथेच झोपेचा प्रश्न निघतो. डबा कोपऱ्यात, सोफ्याच्या मागे. रोज वाकून बटण कोण दाबणार? म्हणून त्याच्यात एक पहारेकरी बसवतात. मोठा ॲम्प्लिफायर बंद, पण एक छोटं सर्किट जागं. आत येणाऱ्या वायरवर काही मिलिव्होल्टची हालचाल दिसली की ते रिले ओढतं, 'टक्' असा आवाज येतो आणि लाल दिवा हिरवा होतो. पंधरा-वीस मिनिटं शांतता राहिली की परत झोप. पुढे या झोपेला कायद्याचं पाठबळ मिळालं. नुसतं लाल दिवा लावून बसलेलं यंत्र दहा वॅट खात असेल तर वर्षाला सत्त्याऐंशी युनिटं कुठेच न वाजता जातात. १९९९मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने झोपलेल्या यंत्राला एक वॅटची मर्यादा सुचवली. युरोपने २०१०पासून ती सक्तीची केली आणि २०१३पासून साध्या यंत्रांसाठी अर्ध्या वॅटवर आणली. एका खंडापुरते वेगळे डबे कोण बनवणार? तशाच बेताचे आमच्या वाडीतही आले. कमी खाऊन जागं राहायचं असेल तर डबा गाढ झोपणार आणि पहारेकरी एकटा पडणार.

तर साहेबांच्या घरी गेलो. वहिनींनी कोकम सरबत दिलं. मी डब्याच्या मागे जमिनीवर बसलो.

पहिलं काम, मागचा खटका 'ऑटो'वरून 'ऑन'वर. टक्! हिरवा. सिनेमा लावला, जमीन हादरली. म्हणजे मोठा ॲम्प्लिफायर, त्याची पॉवर सप्लाय, रिले आणि स्पीकर सगळे धडधाकट. मेलेला नाही, मुका नाही. खटका परत 'ऑटो'वर, डबा झोपू दिला. मग होम थिएटरच्या रिसीव्हरकडून येणारी वायर काढून तिच्या जागी दुसरी मोकळी वायर लावली आणि तिच्या टोकाच्या मधल्या पिनला बोट लावलं. आपलं शरीर घरातल्या विजेची गुणगुण गोळा करत असतं, ती बोटातून आत जाते. ही युक्ती अण्णांच्या वेळेपासूनची. डबा उठला, पण लगेच नाही. मी बोट लावून एक-दोन-तीन मोजले, तेव्हा.

"उठला की!" साहेब म्हणाले.

"उठला. पण हाक दोनदा मारावी लागली."

रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये गेलो. सबवूफरची पातळी उणे दहा डेसिबलवर ठेवलेली आणि डब्यामागचा व्हॉल्यूम पूर्ण वर. ही चूक दहापैकी सात घरांत असते. वाजताना फरक कळत नाही, कारण इकडे कमी केलेलं तिकडे वाढतं. पण पहारेकरी बसलेला असतो व्हॉल्यूमच्या आधी, त्याच्यापर्यंत येतं ते कमी केलेलंच. उणे दहा म्हणजे तिसरा हिस्सा. दिवसा साहेब आवाज मोठा ठेवतात, तिसरा हिस्साही पुरतो. रात्री वहिनी झोपल्या की आवाज लहान, आणि त्याचा तिसरा हिस्सा उंबरठ्याच्या खाली. मी रिसीव्हरकडे वाढवलं, डब्याकडे तेवढंच उतरवलं. रात्रीइतका आवाज ठेवून सिनेमा लावला. दोन मिनिटांनी का होईना, दिवा हिरवा झाला.

दुसरा कोणी असता तर इथे पैसे घेऊन उठला असता. मीही उठलोच होतो. तेवढ्यात साहेब म्हणाले, "पण रेडिओवाले, ही सेटिंग पहिल्या दिवसापासून अशीच आहे. चार वर्षं तर रात्रीसुद्धा उठत होता."

मी परत खाली बसलो. सेटिंग तीच, माणूस तोच, रात्र तीच. मग बदललं ते आत.

डबा दुकानात आणून उघडला. मीठ दिसलंच, वायर खुपसायच्या सॉकेटवर हिरवट थर. तो ब्रशने आणि स्पिरिटने गेला. पहारेकऱ्याच्या कोपऱ्यात एक तापणारा रेझिस्टन्स आणि त्याला खेटून चण्याएवढा कंडेन्सर. याच कंडेन्सरमधून आवाज पहारेकऱ्याकडे जातो. अंगावर लिहिलेलं, दहा मायक्रोफॅरड. मीटरने पाव मायक्रोफॅरडही दाखवला नाही. आतला द्राव सुकून गेला होता. या कंडेन्सरचं आयुष्य कंपनी छापते, १०५ अंशांना २००० तास. म्हणजे त्र्याऐंशी दिवस! तापमान दहा अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, तेव्हा पासष्ट अंशांच्या शेजारात त्याला साडेतीन वर्षं मिळतात. साहेबांचा डबा वाजला दिवसाला दोन तास, पण पहारेकरी जागा होता चोवीस तास. झोपेत झिजणं म्हणतात ते हे. आणि कंडेन्सर सुकला की आधी अडतो तो खर्ज. सूर जितका खालचा, तितकी त्याची वाट बंद. खर्जाची हाक ऐकण्यासाठी ठेवलेल्या पहारेकऱ्याला नेमका खर्जच ऐकू येईना.

नवा कंडेन्सर टाकला, रेझिस्टन्सपासून दोन बोटं लांब, पाय वाकवून. मग बोट टेकवलं मात्र, टक्! एक म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

मोकळी वायर लावून बोट टेकवायचं हे काम हल्लीच्या पोरांना शिकवताना मला पंचाईत होते. ते हुशार आहेत, माझ्यापेक्षा जास्त शिकलेत. पण कंपन्या आता अख्खा बोर्ड बदलायला सांगतात आणि बोर्ड मिळाला नाही तर नवा डबा घ्यायला. बोर्ड बदलणाऱ्याला जग दोनच रंगांचं दिसतं, चालू आणि बंद. चोपडीतही ते उतरलेलं आहे. मी पानं चाळली तर २००५नंतर 'बहिरा' हा शब्दच नाही. सगळे 'मेलेले'. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने आमच्या वाड्या आडव्या केल्या, कितीतरी दिवस वीज नव्हती आणि परत आली तेव्हा झटके देत आली. त्या महिन्याची चार पानं ओळीने मेलेली आहेत. वीज नव्हती तेव्हा अण्णांचा जुना ट्रान्झिस्टर तीन सेलवर चालत होता आणि आळीतली माणसं बातम्या ऐकायला आमच्या ओट्यावर बसत होती, १९५९सारखी.

डबा परत द्यायला गेलो तेव्हा साहेबांनी विचारलं, "मुंबईला जाताना प्लग काढून ठेवू का?"

प्रश्न सोपा वाटतो, इथे तसा नाही. प्लग लावून ठेवला तर आत चिमूटभर ऊब राहते, ओल चढत नाही. पण कंडेन्सर झिजत राहतो आणि वीज कडाडली तर सगळंच जातं. काढला तर पावसाळ्यात मीठ आरामात घर करतं. मी अण्णांचा निम्मा सल्ला दिला आणि निम्मा माझा. "जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात विजांचे दिवस, तेव्हा काढा. एरवी पावसाळ्यात लावून ठेवा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास ऐका. चांगलं काहीतरी."

"पैसे?"

"कंडेन्सरचे पाच. ओझं उचलल्याचे तीनशे."

वहिनी म्हणाल्या, "आणि ह्यांना रात्री लवकर झोपवायचा काही कंडेन्सर मिळतो का बघा."

रात्री दुकान बंद करण्याआधी चोपडी उघडली. तारीख लिहिली. सेट: सबवूफर. आळी: चौल, वाडी. दोषाच्या रकान्याशी पेन क्षणभर थांबलं. 'स्टँडबाय फॉल्ट' लिहिणार होतो, पोरं तसंच लिहितात. मग लिहिलं, 'बहिरा'. आणि अण्णा 'सिलोन लागत नाही' लिहीत त्या जागी, कंसात: 'रात्री हलकं बोललेलं ऐकू येत नाही.'